पात्याची रेषा

भंडाऱ्यात खांब तलावाच्या बाजूला माझे यंत्रभागांची ड्रॉइंग करून देण्याचे छोटे ऑफिस आहे. राईस मिलच्या पॉलिशरचे भाग, बॉयलरच्या आयडी फॅनचे पंखे, उपसा सिंचनाच्या पंपांचे इंपेलर असे झिजलेले, तुटलेले, ज्यांची मूळ कंपनी केव्हाच बंद पडली असे भाग माझ्या टेबलावर येतात. मी मापे घेते, संगणकावर ड्रॉइंग करते. ते नागपूरला हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपला जाते आणि नवा भाग तयार होऊन येतो. यातले बहुतेक भाग सरळ रेषा आणि वर्तुळे यांत बसतात. गिअरचा दात वाकडा असतो खरा, पण त्याच्या वक्राला नियम आहे. आमच्या जिल्ह्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना आहे. तिथल्या कुणालाही विचारा, मॉड्यूल, दातांची संख्या आणि 20 अंशांचा दाबकोन सांगितला की दाताची इन्व्होल्यूट रेषा ठरली. भंडाऱ्यात काढा की जर्मनीत, तीच निघणार. टर्बाइनच्या पात्याचे तसे नाही. त्याची रेषा कुणीतरी ठरवलेली असते, आणि ती का ठरवली हे समजल्याशिवाय ती पुन्हा काढता येत नाही. गेली काही वर्षे हे काम माझ्याकडे अधूनमधून येते आणि सगळ्या कामांत मला तेच सर्वांत जवळचे वाटते.

आमच्याकडे टर्बाइन कुठून आली, असे पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी त्याची पायाभरणी झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात त्याचे 33 दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा सगळा पूर्व विदर्भ कान टवकारतो. त्या धरणाला लागून जलविद्युत केंद्रही आहे, हे मात्र भंडाऱ्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. तिरोडा आता गोंदियात मोडते, पण 1 मे 1999 रोजी जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमचेच होते. तिथे 660 मेगावॅटचे पाच संच कोळशावर चालतात. आणि या मोठ्या नावांच्या खाली, कुणाच्या लक्षात न येणारी लहान वाफेची टर्बाइन आहेत. उसाचे चिपाड किंवा धानाचा कोंडा जाळून वाफ करायची, ती आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढायची आणि उरलेली कमी दाबाची वाफ प्रक्रियेला द्यायची, अशी ही यंत्रे. कुठली वीस वर्षांची, कुठली त्याहून जुनी. माझे काम या लहान यंत्रांशी आहे.

आता पाते हे घन, तीन मितींचे. मग त्याचा सपाट छेद काढून काय साधते? टर्बाइनच्या चाकावर परिघाने पाती बसवलेली असतात. चाकाच्या अक्षाभोवती एक नळकांडे कल्पावे, असे की ते सगळ्या पात्यांना एकाच उंचीवर कापत जाईल. ते नळकांडे उभे चिरून कागदासारखे पसरले, की त्यावर एकाखाली एक अशी सारख्या आकाराच्या छेदांची रांग मिळते, दोन छेदांमधले अंतर ठरावीक. या रांगेला कॅस्केड म्हणतात. वाफ किंवा पाणी एका बाजूने शिरते, दोन छेदांमधल्या वाटेत वळते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. वळताना चाकाला ढकलते. टर्बाइनचे सगळे काम त्या वळणात आहे.

लांब पात्यात हा छेद मुळापासून टोकापर्यंत बदलत जातो, कारण टोकाचा वेग मुळापेक्षा जास्त. तिरोड्यासारख्या संचात शेवटच्या रांगेचे पाते मीटरभराच्या आसपास लांब असते. ते पिळलेले दिसते ते यामुळेच. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर कप्लान यांनी 1913 च्या सुमारास जे टर्बाइन घडवले, कमी उंचीवरून येणाऱ्या भरपूर पाण्यासाठी जे वापरतात, त्याचे पातेही असेच पिळदार. तिथे एका पात्यासाठी अनेक छेद काढावे लागतात आणि ते एकमेकांवर रचावे लागतात. लहान वाफेच्या टर्बाइनची आवेगी (इंपल्स) पाती मात्र बोटाच्या पेराएवढी आखूड असतात आणि वरपासून खालपर्यंत त्यांचा छेद एकच असतो. म्हणजे तो एक छेद नीट निघाला की सगळे पाते निघाले, आणि तो चुकला की सगळी रांग चुकली.

माझ्याकडे पहिल्यांदा आलेले पाते असेच होते. जिल्ह्यातल्या एका कारखान्याचा मेंटेनन्स फोरमन वर्तमानपत्रात गुंडाळून चार पाती घेऊन आला. मूळ बनवणाऱ्याचे ड्रॉइंग उपलब्ध नव्हते, हंगाम तोंडावर होता आणि एका रांगेतली पाती बदलणे भाग होते. पाती तेरा टक्के क्रोमियमच्या स्टीलची होती, वाफेच्या पात्यांसाठी ते नेहमीचेच. एकाची पुढची कड बोटाने चाचपली तर खरखरीत लागत होती. बॉयलरच्या नळ्यांतून सुटलेल्या खपल्या वाफेबरोबर सेकंदाला काहीशे मीटर वेगाने येतात आणि कड खातात. मागची कड तर काही ठिकाणी पत्र्यासारखी पातळ झाली होती. पोटाच्या, म्हणजे खोलगट बाजूला पाण्यातल्या सिलिकाचा पांढरट थर बसलेला. या चारांतल्या कोणत्या पात्याला खरे मानायचे, हा पहिला प्रश्न होता.

त्याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकाने दिले नाही. फोरमनबरोबर एक वयस्क फिटर आले होते. हयात टर्बाइन उघडण्या-बांधण्यात गेलेली. मी चारही पाती टेबलावर ओळीने मांडून बघत होते, तेव्हा ते म्हणाले, “म्याडम, वरतं नोका पाहू. वरतं सारं घासून गेलं. खरं पातं पाहाचं असन तं मुळाशी पाहा.”

“काका, मुळाशी का झिजत नाही?” मी विचारले.

“चाक फिरते ना. पानी म्हना, कचरा म्हना, सारा बाहेरतं फेकल्या जाते. मुळाशी काहीच पोचत नाही.”

त्यांनी नखाने पात्याच्या बुडाजवळची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी दाखवली. तिथे यंत्रावर पाते कापताना उमटलेल्या मूळ रेघासुद्धा शाबूत होत्या. वाफेतले थेंब आणि कण केंद्रोत्सारी बलाने टोकाकडे फेकले जातात, हे मी वर्गात शिकले होते. त्याचा हा उपयोग मला त्यांच्याकडून कळला. छेद सगळीकडे एकच असल्यामुळे मुळाजवळच्या त्या पट्टीचे माप म्हणजे पूर्ण पात्याचे माप. तेव्हापासून कुठलेही जुने पाते आले की मी आधी बूड बघते.

मापे प्रोफाइल प्रोजेक्टरवर घेतली. या यंत्रात भागाची सावली भिंगातून मोठी होऊन काचेच्या पडद्यावर पडते. दहापटीच्या भिंगाखाली 25 मिलिमीटरचे पाते 250 मिलिमीटरचे दिसते. पडद्यावरची फुली कडेवर आणायची, वाचन लिहायचे, टेबल जरा सरकवायचे, पुन्हा वाचन. काही तासांत आकड्यांचे दोन लांब रकाने तयार होतात, एक आडवे अंतर आणि एक उभे.

इथपर्यंतचे काम कष्टाचे, पण सोपे. यापुढे नवशिके ज्या ठिकाणी हमखास अडखळतात ते ठिकाण येते, आणि मला सर्वांत जास्त त्याबद्दलच सांगायचे आहे.

मी जीमेश वापरते. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. बेल्जियमच्या क्रिस्तोफ ग्यूझेन आणि झां-फ्रान्स्वा रेमाक्ल यांनी ते रचले. भूमिती काढायची आणि तिच्यावर गणनेसाठी जाळी विणायची, ही त्याची दोन मुख्य कामे. त्यात माउसनेही रेषा काढता येतात, पण मी साध्या मजकुराची फाइल लिहिते. एका ओळीत एक बिंदू: त्याचा क्रमांक, तीन सहनिर्देशक आणि त्या जागी जाळीचा डोळा किती बारीक हवा तो आकडा. आपला छेद सपाट, म्हणून तिसरा सहनिर्देशक कायम शून्य. मग स्प्लाइन म्हणून एक आज्ञा असते. तिला बिंदूंचे क्रमांक ओळीने दिले की त्या सगळ्यांतून जाणारी वक्ररेषा तयार.

प्रोजेक्टच्या निमित्ताने माझ्याकडे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले येतात. त्यांना मापांची यादी दिली की ती पटापट सगळे बिंदू भरतात आणि सगळ्यांतून एक स्प्लाइन ओढतात. पडद्यावर सुंदर पाते दिसते. मुलांना वाटते, झाले काम. जितके जास्त बिंदू तितके पाते खरे, असा त्यांचा समज असतो, आणि तो वरवर पटण्यासारखा आहे. पण वाफ ज्याला प्रतिसाद देते ती गोष्ट रेषेची जागा एवढीच नसते. रेषा प्रत्येक ठिकाणी किती वेगाने वळते आहे, म्हणजे तिची वक्रता, ही वाफेला जाणवते. वक्रता वाढली की पाठीवर, म्हणजे फुगीर बाजूवर, वाफेचा वेग वाढतो, दाब उतरतो. कमी झाली की उलटे. वक्रता खालीवर नाचत असेल तर दाबही नाचतो, आणि पाठीलगतचा वाफेचा पातळ थर त्या नाचात लवकर खवळतो. नुकसान तिथे होते.

याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. मापात 0.02 मिलिमीटरची चूक धरा. प्रोजेक्टरवर हाताने फुली लावताना एवढी चूक कुणाचीही होते. बिंदू एकेक मिलिमीटरवर घेतले आहेत आणि चूक एकदा वर, एकदा खाली अशी पडली आहे. तीन लागोपाठच्या बिंदूंवरून वक्रता काढली तर या चुकीमुळे तिच्यात 0.08 एवढा फरक पडतो. म्हणजे साडेबारा मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीची जेवढी वक्रता, तेवढी. आणि आपल्या पात्याच्या पोटाची त्रिज्याच मुळी बारा मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे खरी वक्रता जेवढी आहे तेवढीच चुकीची. रेषा एका बिंदूवर दुप्पट वळते आणि पुढच्या बिंदूवर जवळपास सरळ होते. डोळ्याला यातले काही दिसत नाही, कारण जागेचा फरक केसाहून बारीक आहे. आता तेच बिंदू पाच-पाच मिलिमीटरवर घ्या. चूक तीच 0.02, पण वक्रतेतला फरक 0.0032, म्हणजे पंचविसावा हिस्सा. अंतराचा वर्ग खाली भागाकारात येतो, त्याचा हा परिणाम.

एवढे सांगूनही काही चेहरे कोरेच राहतात. तेव्हा मी बुरडाकडून आणलेली बांबूची कमची आणि खिळे ठोकलेली फळी काढते. भंडाऱ्यात सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडांकडे पातळ सोललेली कमची सहज मिळते. चार खिळ्यांमधून ती ओवली की एकसारख्या बाकात उभी राहते. मग मधे आणखी खिळे ठोकायचे, जरासे इकडे-तिकडे, आणि कमचीला सगळ्यांना शिवायला लावायचे. कमची लगेच लचकते, प्रत्येक खिळ्यावर कुरकुरते. पूर्वी जहाज बांधणारे लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून जहाजाचा बाक काढत, संगणकातली स्प्लाइन ही त्याच पट्टीचे गणित आहे. मुलांच्या हातात कमची आली की बोलणे संपते.

म्हणून मोजलेले बिंदू मी रेषेला बांधत नाही. ते फक्त मागे ठेवते, साक्षीदार म्हणून. रेषा थोड्या बिंदूंनी वेगळी काढते आणि ती मोजलेल्या बिंदूंपासून मापाच्या चुकीइतक्याच अंतरात राहते का ते बघते. या कामाला बेझिए किंवा बी-स्प्लाइन रेषा बऱ्या. त्या टोकांचे बिंदू सोडून बाकीच्या नियंत्रण-बिंदूंमधून जात नाहीत, नुसत्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. यातले बेझिए रेषांचे तंत्र मोटारींनी दिले: सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी 1959 नंतरच्या काही वर्षांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गाडीच्या पत्र्याचे बाक यंत्राला सांगता यावेत म्हणून या रेषा शोधल्या. जीमेश वापरणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या अंगभूत भूमितीत ‘स्प्लाइन’ म्हणजे कॅटमल-रॉम रेषा असते. ती प्रत्येक बिंदूवर दिशा जुळवते, वक्रता जुळवत नाही. तीच आज्ञा जीमेशमधल्याच ओपनकॅस्केड या दुसऱ्या भूमितीत दिली तर वक्रताही जुळलेली रेषा मिळते. आज्ञा एकच, पाते दोन.

जुन्या लोकांनी आवेगी पाते कंपास आणि पट्टीने काढले, हेही सांगायला हवे. पोटाला एक कमान, पाठीला मधे कमान आणि दोन्ही टोकांना तिला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषा. दोन पात्यांमधली वाट आरंभापासून शेवटापर्यंत सारख्या रुंदीची राहील अशी ती मांडणी. कमान संपून सरळ रेषा सुरू होते तिथे दिशा जुळते, पण वक्रता एकदम शून्यावर उतरते. त्या काळच्या साधनांत तेच शहाणपणाचे होते आणि ती पाती पिढ्यान्‌पिढ्या चालली. माझ्या टेबलावरचे पाते कोणत्या पिढीचे, हे ओळखण्याची खूण मला यातच सापडली. मोजलेल्या बिंदूंना पाठीच्या मधल्या भागात एक वर्तुळ लावून बघितले तर ते जवळपास तंतोतंत बसले, आणि दोन्ही टोके सरळ निघाली. मूळ आरेखकाने कंपास वापरला होता. मग मी तरी स्प्लाइन कशाला ओढायची? दोन रेषा, दोन कमानी, कडांचे गोल एवढ्यात पाते पूर्ण झाले, आणि मोजलेले सगळे बिंदू त्या रेषेला धरून होते. दुसऱ्याने काढलेली रेषा शोधताना आधी त्याच्या हातातले साधन ओळखावे, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

आकडे किती लागतात, याचे उत्तम उत्तर एल. जे. प्रिचर्ड यांनी 1985 मध्ये दिले. अक्षीय टर्बाइनच्या पात्याचा छेद फक्त अकरा आकड्यांत बांधता येतो असे त्यांनी दाखवले: त्रिज्या, पात्याची अक्षाच्या दिशेची आणि परिघाच्या दिशेची लांबी, शिरण्याचा कोन, पुढच्या कडेची त्रिज्या आणि तिच्या पाचरीचा कोन, बाहेर पडण्याचा कोन, मागच्या कडेची त्रिज्या, पात्यांची संख्या, गळा आणि गळ्यापुढे उरलेले वळण. शेकडो बिंदूंची यादी एकीकडे आणि हे अकरा आकडे दुसरीकडे. यादीतला एक बिंदू हलवला तर पात्याला टेंगूळ येते. अकरातला एक आकडा बदलला तर नवे, तितकेच सुबक पाते उभे राहते. माझ्या फाइलीच्या डोक्यावर मी असेच मोजके आकडे नावांनी लिहून ठेवते आणि खालचे सगळे बिंदू त्यांच्यावरून गणिताने काढते. कोन बदलायचा झाला तर एकच ओळ बदलायची.

या अकरांत गळ्याचे महत्त्व फार. एका पात्याची मागची कड आणि शेजारच्या पात्याची पाठ यांमधली सर्वांत अरुंद जागा म्हणजे गळा. रांगेतून किती वाफ जाणार आणि कोणत्या दिशेने बाहेर पडणार, हे बव्हंशी तोच ठरवतो. दोन पात्यांतले अंतर 20 मिलिमीटर आणि बाहेर पडण्याचा कोन अक्षापासून 70 अंश असेल तर गळा येतो 6.84 मिलिमीटर. कोन 71 केला तर 6.51. एका अंशाला वाट सुमारे पाच टक्के आवळली! म्हणून मी एकटे पाते कधीच तपासत नाही. दुसरे पाते एका अंतरावर नक्कल करून ठेवते आणि मधला गळा मोजते. कारखान्यातही चाकावर बसलेल्या पात्यांचा गळा मोजून घ्यायला सांगते, कॅलिपर किंवा गोल पिनने. दोन्ही आकडे जुळले तर माझ्या रेषेवर माझा विश्वास बसतो.

मागच्या कडेबद्दल एक छोटीशी गोष्ट. मुलांना सरावाला मी अमेरिकेच्या नाका संस्थेची 1933 सालची चार आकडी पंख-छेदांची मालिका देते, कारण तिचे सूत्र उघड आहे. बारा टक्के जाडीचा, 100 मिलिमीटर लांबीचा छेद त्या सूत्राने काढला की मागच्या टोकाला पाठ आणि पोट भेटतच नाहीत, पाव मिलिमीटरची फट राहते. मुले गोंधळतात, फाइल पुन्हा पुन्हा तपासतात. सूत्राचे सहगुणकच तसे आहेत, शेवटी बेरीज शून्य होत नाही. मुलांचा पहिला विचार ती फट चिमटीत धरून बंद करण्याचा असतो. मी म्हणते, उलट चांगलेच आहे; खऱ्या धातूला शून्य जाडीची कड असूच शकत नाही. तिथे लहानसा गोल द्या. आणि जीमेशच्या अंगभूत भूमितीत अर्धवर्तुळाएवढी कमान एका आज्ञेत निघत नाही, ती 180 अंशांहून लहान लागते, तेव्हा कडेच्या टोकावर एक बिंदू घेऊन दोन कमानी कराव्यात. तो बिंदू पुढे जाळी विणतानाही कामाला येतो.

पाते झाले की त्याच्याभोवती वाफेची वाट आखायची. एकाच पात्याभोवती, वर अर्धे अंतर आणि खाली अर्धे अंतर सोडून दोन सीमा. वरची सीमा म्हणजे खालचीच, बरोबर एका अंतराने सरकवलेली, आणि तसे सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचे, म्हणजे वरून बाहेर गेलेली वाफ खालून आत आली असे ते धरते आणि एका पात्यावरून सगळ्या चाकाचा हिशेब होतो. पुढचे प्रवाहाचे गणित ओपनफोमवर. हे सगळे फुकट मिळते, आणि शिकायचे तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजातही करून ठेवले आहेत. मोहाडी-लाखांदूरच्या मुलाला इंग्रजीची धास्ती असेल तर त्यामुळे अडायचे कारण उरलेले नाही. माझ्याकडच्या मुलांपैकी काहींनी घरच्या साध्या लॅपटॉपवर हे सगळे केले आहे. सपाट छेदाला मोठे यंत्र लागत नाही. हे काम पुण्यात किंवा बंगळुरातच होते, हा समज मला मनापासून खटकतो.

त्या पहिल्या पात्याचे ड्रॉइंग वायरकटला गेले. आधी पितळेच्या पत्र्याचा फर्मा कापून घेतला आणि जुन्या पात्याच्या बुडाशी लावून उजेडात धरला. पोटाच्या बाजूने कुठेही उजेड आला नाही. मग स्टीलवर काम झाले. पात्याचे मूळ चाकाच्या खाचेत कसे बसते, पाते कोणत्या वारंवारतेला थरथरते, हे प्रश्न माझ्या रेषेच्या पलीकडचे. ते त्या विषयाच्या जाणकारांनी तपासले आणि नंतरच पाती चाकावर चढली. हंगाम त्याच पात्यांवर पार पडला.

आता ज्यांच्या ताब्यात अशी यंत्रे आहेत त्यांना, म्हणजे कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांना आणि स्टोअरकीपरांना, माझी एक विनंती आहे. नव्या पात्यांचा संच येतो तेव्हा त्यातले एक जास्तीचे मागवा. ते चाकावर चढवू नका. त्याला तेल लावा, मेणकागदात गुंडाळा, यंत्राचा, रांगेचा आणि सालाचा क्रमांक टाकून स्टोअरमध्ये ठेवा, आणि ड्रॉइंगची एक प्रत त्याच्याबरोबर ठेवा. चाकावरची सगळी पाती झिजल्यावर मूळ रेषा कुठेच शिल्लक राहत नाही. मग माझ्यासारखीला ती बुडाशी उरलेल्या दोन मिलिमीटरमध्ये शोधावी लागते, आणि प्रत्येक वेळी तेवढेही उरलेले असेलच असे नाही.